वस्तूंच्या रकान्यात माणूस नको



मे महिन्याच्या सुट्टीत घरोघरी एकच तक्रार ऐकू येते. मूल मोबाईल सोडत नाही. आई म्हणते डोळे बिघडतील, वडील म्हणतात अभ्यास बुडेल, आजी म्हणते जेवायला हाक मारली तरी ऐकत नाही. तक्रार खरी आहे. पण मोबाईल हिसकावून घेण्यापूर्वी मूल काय खेळते ते एकदा शेजारी बसून पाहावे, असे आमचे म्हणणे आहे. आज त्या खेळातल्या अगदी लहान गोष्टीविषयी लिहायचे आहे. ती म्हणजे खेळातल्या वस्तूंची चित्रे.

पुष्कळशा खेळांत खेळणाऱ्याजवळ एक पिशवी असते. पिशवी उघडली की पडद्यावर चौकोनी घरे दिसतात. एका घरात कुऱ्हाड, दुसऱ्यात पाव, तिसऱ्यात मशाल, चौथ्यात तलवार. प्रत्येक वस्तूचे नखाएवढे चित्र. त्याला आयकॉन म्हणतात. चित्राखाली नाव वाचायला वेळ नसतो, म्हणून पाहताक्षणी वस्तू ओळखू आली पाहिजे.

ही चित्रे आभाळातून पडत नाहीत, कोणीतरी बसून काढतो. आणि आपल्याला महत्त्वाची बाब अशी की, तयार खेळात आपल्या वस्तू घालण्याची सोय आता कित्येक खेळांत असते. मूळ खेळ तोच ठेवून त्यात केलेल्या अशा फेरफाराला मुले 'मॉड' म्हणतात. 'मॉडिफिकेशन' या शब्दाचे ते लघुरूप. मॉड करणाऱ्याने नवी वस्तू घातली की तिचे चित्रही त्यालाच काढावे लागते. म्हणजे जो आजवर फक्त खेळत होता, तो आता खेळात काय असावे हे ठरवू शकतो. आमच्या दृष्टीने ही साधी गोष्ट नाही.

लहान चित्राची ताकद आपल्या समाजाला नव्याने सांगायला नको. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी होती आणि पेटीवर त्याचे चिन्ह चिकटवलेले होते. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे चिन्ह हत्ती. ज्यांना अक्षर लागत नव्हते त्या आमच्या आज्यांनी हत्ती बघून मत टाकले. तळहाताएवढ्या चित्राने अक्षरओळख नसलेल्या माणसाला राज्यकारभारात भागीदार केले. तेव्हा चित्र लहान म्हणून त्याला क्षुल्लक समजू नये.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. खेळासाठी छोटी चित्रे काढण्याचा धंदा सिंधुदुर्गात संगणकाच्या कितीतरी आधीपासून आहे. सावंतवाडीचा गंजिफा पुष्कळांनी पाहिला असेल. गोल पत्ते, त्यावर हाताने रंगवलेली चित्रे, वर लाखेची चकाकी. चितारी कारागीर चिंचोक्याच्या खळीने कागद चिकटवून, सुकवून, घोटून हे पत्ते करीत आले. ही कला मागे पडत चालली तेव्हा शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी यांनी १९७१ साली सावंतवाडीच्या राजवाड्यात उरल्यासुरल्या कारागिरांना हाताशी धरून काम पुन्हा सुरू केले.

दशावतारी गंजिफ्याचे पत्ते १२०. दहा अवतारांचे दहा रंग आणि दर रंगात बारा पत्ते. एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा. राजा-प्रधानाच्या पत्त्यावर अवताराचे चित्र असते. बाकीच्या दहांवर केवळ खूण. मत्स्याच्या रंगात मासा, कूर्माच्या रंगात कासव, परशुरामाच्या रंगात कुऱ्हाड. तीन मासे म्हणजे मत्स्याची तिर्री. दिवसा खेळ रामाच्या रंगाने सुरू करायचा आणि रात्री कृष्णाच्या. इवल्याशा गोलात मासा बसवायचा आणि खेळणाऱ्याने तो दिव्याच्या उजेडात क्षणात ओळखायचा, हेच चिताऱ्याचे कसब. आजची मुले पडद्यावर जे करतात ते याहून निराळे नाही.

आमच्याकडे विहारात सुट्टीचा वर्ग चालतो. दोन जुने संगणक आणि दहा-बारा मुले. तेथे आम्ही गंजिफ्याची चित्रे मुलांना दाखवली, कारागिरी कळावी म्हणून. मुले एकेक अवतार मोजू लागली. नवव्यावर आली आणि सहावीतल्या एका मुलीने विचारले, "काका, ह्या पत्त्यांत बुद्ध कसे आले?"

प्रश्न सरळ होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतली पाचवी नेमकी ह्याच गोष्टीविषयी आहे. बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे आपण मानत नाही. ती मुलगी दर रविवारी ही प्रतिज्ञा म्हणते आणि येथे चित्र तिच्या उलट बोलते. कोणी वाद घातला नाही, ग्रंथ लिहिला नाही. पत्ता हातात आला, खेळ झाला, आणि पिढ्यान्‌पिढ्या नववा अवतार म्हणजे बुद्ध हे डोक्यात बसले. छोट्या चित्राचे काम असे बिनआवाजाचे असते.

एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "असली चित्रे मुलांना दाखवूच नयेत." आम्हाला ते पटले नाही. ज्या चिताऱ्यांनी घाम गाळून पत्ते रंगवले त्यांच्या हाताबद्दल आम्हाला आदर आहे. शिवाय त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर खेळाच्या इतिहासातच आहे, ते तिला मिळायला हवे.

गंजिफा मूळचा येथला नव्हे. तो इराणकडून आला. बाबराच्या आत्मचरित्रात १५२७ साली त्याचा उल्लेख येतो. जुन्या मोगली गंजिफ्यात आठ रंग आणि ९६ पत्ते असत. ताज म्हणजे मुकुट, सफेद म्हणजे चांदीचे नाणे, शमशेर म्हणजे तलवार, गुलाम, चंग म्हणजे वाद्य, सुर्ख म्हणजे सोन्याचे नाणे, बरात म्हणजे हुंडी आणि किमाश म्हणजे माल. हा खेळ येथे आला आणि येथल्या लोकांनी त्यात फेरफार केला. आठाचे दहा रंग झाले, मुकुट-तलवारीच्या जागी अवतार आले. राजा, प्रधान आणि एक ते दहा ही मांडणी मात्र तीच राहिली. आजच्या मुलांच्या भाषेत बोलायचे तर दशावतारी गंजिफा हा मोगली गंजिफ्याचा मॉड आहे!

तेव्हा त्या मुलीला आम्ही सांगितले, "बाळ, हे चित्र माणसाने घातले. ज्याच्या हातात कुंचला होता त्याने त्याच्या समजुतीप्रमाणे घातले. त्याला खेळ बदलता आला, तसा तुलाही बदलता येईल. त्याचे पत्ते फाडायचे नाहीत. आपले नवे करायचे."

पण ते आठ रंग वाचकांनी पुन्हा एकदा वाचावेत. मुकुट, नाणे, तलवार, हुंडी, माल, आणि त्यांच्याच रांगेत गुलाम. ताजाच्या दश्शीवर दहा मुकुट काढत, तशीच गुलामाच्या दश्शीवर दहा माणसे काढत. दहा मुकुट, दहा नाणी, दहा माणसे! माणूस हा मोजायच्या वस्तूंपैकी एक. आपल्या रोजच्या बावन्न पानांतही राजा आणि राणीच्या खाली गुलाम आहेच. आपण तो सहज म्हणतो, "गुलाम टाक." जोतीराव फुल्यांना ज्या शब्दावर १८७३ साली अख्खा ग्रंथ लिहावा लागला, तो शब्द आपण दुपारच्या डावात जांभई देत उच्चारतो.

येथून आम्हाला एक नियम सुचला आणि वर्गातल्या मुलांनी तो मान्य केला. वस्तूंच्या रकान्यात माणूस घालायचा नाही. खेळाच्या पिशवीतली वस्तू उचलता येते, फेकता येते, विकता येते, आगीत टाकता येते. ज्याचे असे करता येते तेथे कोणताही माणूस नको. गुलाम नको, नोकर नको. आणि बुद्ध किंवा बाबासाहेब यांच्या प्रतिमाही नकोत. श्रद्धेपोटी जरी घातल्या, तरी पिशवी भरली की खेळणारा त्या खाली टाकणार आणि त्यांवरून चालत जाणार.

मग आपले काहीच घालू नये काय? तसे मुळीच नाही. भारहूत आणि सांचीचे जुने शिल्पकार येथे आपले गुरू आहेत. त्यांनी कथा बुद्धांचीच कोरली, पण बुद्धांची देहमूर्ती कोरली नाही. बोधिवृक्ष, रिकामे आसन, चक्र, पाऊलखुणा एवढ्यावर भागवले आणि पाहणाऱ्याला सर्व समजले. थोडक्या खुणेत मोठा अर्थ कसा बसवावा, याचा दोन हजार वर्षांपूर्वीचा हा धडा आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू, कारण नुसत्या विचाराने चित्र होत नाही. पालकांनी पुढील मजकूर मुलांना वाचून दाखवावा.

माइनक्राफ्ट नावाचा स्वीडनमध्ये तयार झालेला ठोकळ्यांचा खेळ २०११ साली पूर्ण स्वरूपात बाजारात आला आणि जगभर पसरला. त्यात वस्तूचे चित्र आडवे १६ आणि उभे १६ ठिपके, म्हणजे एकूण २५६ ठिपक्यांचे असते. तो विकत घ्यावा लागतो. त्याच धर्तीचा लुआंटी हा खेळ फुकट मिळतो आणि साध्या संगणकावरही चालतो. तो २०१० साली फिनलंडच्या पेर्ट्टू अहोला यांनी सुरू केला. २०२४ पर्यंत त्याचे नाव माइनटेस्ट होते. फेरफार करण्यासाठीच तो मोकळा ठेवलेला आहे. आमची मुले ह्यावरच शिकतात.

सुरुवातीला संगणकही लागत नाही. गणिताची चौकटीची वही घ्यावी. सोळा बाय सोळाचा चौकोन आखावा आणि घरे रंगवावीत. हा गरिबाचा उपाय म्हणून हसू नये. १९८४ साली अमेरिकेत ॲपल कंपनीचा मॅकिंटॉश संगणक आला. त्याच्या पडद्यावरची कचऱ्याचा डबा, घड्याळ यांसारखी चिन्हे सुझन केर नावाच्या चित्रकर्तीने अशाच चौकटीच्या वहीत आडवी ३२ आणि उभी ३२ घरे धरून आधी काढली होती.

वहीत काढताना पहिली गोष्ट पाहायची ती बाह्याकार. संपूर्ण काळ्या रंगात भरले तरी वस्तू ओळखू आली पाहिजे. पापलेट सोपे, त्याचा आकारच बोलतो. बांगडा अवघड. नुसता लांबट मासा काढला तर तो तारलीही वाटतो. बांगड्याच्या पाठीवर अंगाच्या लांबीने गडद रेघा असतात. चार रेघा दिल्या की झाला बांगडा. आमच्या किनाऱ्यावरची उलांडीची होडी बाजूने काढली तर उलांडी दिसत नाही. ती समोरून किंवा तिरकी काढावी. रापणीचे जाळे शेकडो हात लांब, ते सोळा घरांत कसे मावणार? सगळे काढायचेच नाही. दोन बोये आणि चार डोळ्यांचा तुकडा काढला की पुरे. सोललेल्या नारळाला तीन डोळे द्यावेत, शहाळे हिरवे ठेवून वर छाटलेले दाखवावे. लाल चिऱ्याला छिद्रे द्यावीत, नाहीतर ती वीट होते. आपला जिल्हा चिऱ्याचा आणि खेळ ठोकळ्यांचा, त्यामुळे चिरा तर हवाच.

दुसरी गोष्ट काय गाळायचे ती. एका मुलाने अशोकचक्र काढायला घेतले. चोवीस आरे. सोळा घरांच्या वर्तुळात चोवीस आरे ओढल्यावर मध्यभागी निळा गोळाच उरला. तीनदा खोडले. शेवटी आठ आऱ्यांचे धम्मचक्र काढले. ते स्वच्छ उमटले आणि आर्य अष्टांगिक मार्गाची खूणही झाली. पिंपळपानाचेही तसेच. शिरा सगळ्या नकोत, मधली एक पुरे. टोकाची लांब शेपटी मात्र हवीच, तिच्यावाचून ते कुठल्याही झाडाचे पान होते. जागा कमी असली की काय महत्त्वाचे ते ठरवावेच लागते. १९८१ साली डाँकी काँग ह्या खेळात मारिओ नावाचा मिशीवाला नायक प्रथम आला. ठिपके थोडे होते, केस काढणे कठीण, म्हणून शिगेरू मियामोतो यांनी त्याला टोपी दिली. नाक आणि तोंड वेगळे दिसेना, म्हणून मिशी दिली. तो नायक आधी सुतार होता, पुढे नळकाम करणारा झाला. कष्टकरी माणूस नायक म्हणून जगभर चालला, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

तिसरी गोष्ट रंग. एका वस्तूला तीन छटा पुरतात, उजळ, मधली आणि गडद. उजेड सर्व चित्रांत एकाच बाजूने, बहुधा वर डावीकडून, येतो असे धरावे. नाहीतर पिशवीतल्या वस्तू एका घरच्या वाटत नाहीत.

मग संगणकावर गिंप किंवा क्रिटा यांपैकी एक घ्यावा. दोन्ही फुकट आहेत. सोळा बाय सोळाचे नवे चित्र उघडावे, पडद्यावर पुष्कळ मोठे करून पाहावे. कुंचला न घेता पेन्सिल घ्यावी, कारण कुंचल्याने कडा धुरकट होतात. पार्श्वभूमी पारदर्शक ठेवावी, नाहीतर खेळात वस्तूभोवती पांढरा चौकोन दिसतो. चित्र पीएनजी प्रकारात साठवावे. नाव रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि मध्ये मोकळी जागा न सोडता द्यावे. मॉडच्या फोल्डरमध्ये 'टेक्स्चर्स' नावाचा फोल्डर असतो, त्यात ते ठेवावे. मग वस्तूचे नाव आणि चित्राचे नाव यांची सांगड घालणाऱ्या चार ओळी लुआ भाषेत लिहाव्या लागतात. आठवी-नववीच्या मुलाला त्या जमतात.

चित्र तयार झाले की त्याची परीक्षा आजीने घ्यावी. मोबाईल हातभर लांब धरून विचारावे, "आजी, हे काय?" आजी क्षणात "बांगडो" म्हणाली तर पास. दोनदा डोळे बारीक केले तर पुन्हा वही उघडावी.

आणखी एक सांगणे. दुसऱ्याचे चित्र उचलून आपले म्हणू नये. न दिलेले घेणार नाही, हे शील आपण रोज म्हणतो. काही चित्रकार आपली चित्रे वापरण्याची मोकळीक देतात, त्यातही अट बहुधा एवढीच की मूळ काढणाऱ्याचे नाव द्यावे. ते द्यावे. आपल्या पूर्वजांच्या श्रमाचे नाव कुठे लागले नाही, त्याचे दुःख आपल्याला ठाऊक आहे.

वर्गात शेवटी वाद झाला तो झाडूवरून. एका मुलाने झाडू काढला, फार सुरेख काढला. एक ताई रागावल्या. "झाडू सोडायला आमच्या तीन पिढ्या गेल्या. तो पुन्हा पोरांच्या हातात कशाला?" त्यांचा राग आम्हाला समजतो. त्या मुलाने हळूच उत्तर दिले, "ताई, खेळात झाडू खाली पडलेला असतो. ज्याचे अंगण घाण तो उचलतो. कोणाचा म्हणून नसतो."

आम्ही त्यावर बराच विचार केला. मुलगा बोलला ते खरे आहे. खेळात झाडू जन्माने कोणाच्या हाताला चिकटलेला नाही. बादली घेऊन कोणीही कोणत्याही तळ्यावर जातो आणि पाणी भरतो. खेळ त्याची जात विचारत नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळभर पाण्यासाठी बाबासाहेबांना हजारो माणसे घेऊन जावे लागले. खेळात ते पाणी सर्वांना मोकळे आहे. पण ते आपोआप मोकळे नाही. तसा नियम कोणीतरी लिहिला म्हणून मोकळे आहे. ही बादली अमक्यानेच उचलावी आणि हा झाडू तमक्यानेच, असाही नियम चार ओळींत लिहिता येतो. मनूला लिहिता आला, संगणकावरही कोणाला येईल.

म्हणून चित्र काढणारा हात आणि नियम लिहिणारा हात आपल्या घरातलाही असला पाहिजे. झाडू काढावा, घमेले काढावे, कोयता, जाळे, चिरा, बादली, पुस्तक, लेखणी, पिंपळपान सर्व काढावे. आपल्या वस्तूंची लाज नको. लाज वाटायला हवी ती माणसाला वस्तू करणाऱ्या खेळाची.

ह्या सुट्टीत मुलाला दहा रुपयांची चौकटीची वही आणून द्या. मोबाईल एक तास कमी होईल, हा फायदा आहेच. मोठा फायदा असा की, जगात जे जे दिसते ते कोणीतरी ठरवलेले आहे आणि म्हणून बदलता येते, हे त्याला दहाव्या वर्षी कळेल. आपल्या बापजाद्यांना हे कळायला फार उशीर झाला होता.